घास चावतं कोण?

“कवळी घट्ट बसलीय डॉक्टर, टोचत कुठेच नाही. पण चावल्यासारखं वाटत नाही.”

फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य सतत कानावर येतं. कुणी मराठीत सांगतं, कुणी “चाबतां, पूण कळना” असं कोकणीत, तर कुणी काहीच न बोलता गालावरून हात फिरवत बसतं. ही तक्रार उडवून लावायची नसते, असं माझं ठाम मत आहे. “सवय होईल” हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. ‘कळत नाही’ म्हणणाऱ्या माणसाने आपल्या तोंडातून काय गेलंय ते नेमकं ओळखलेलं असतं. त्याला दात परत मिळालेत. दातांकडून मेंदूला जाणारी खबर मात्र परत मिळालेली नाही, आणि चावणं सगळं त्या खबरीवर चालतं.

बांबोळीला डेंटल कॉलेजात शिकताना कवळीचं माप, मेण, वरखालचा चावा जुळवणं यात आमचे महिनेच्या महिने गेले. हे सगळं चालवतं कोण, तो भाग पहिल्या वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात थोड्या पानांत आटोपला होता. कवळ्या करणाऱ्याने ती पानं पुन्हा पुन्हा वाचावीत असं मला आज वाटतं. आणि ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनाही ती कुणीतरी सोप्या भाषेत सांगावीत. म्हणून हा खटाटोप.

मुळापासून सुरुवात करते. दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो, त्याला आम्ही पेरिओडाँटल लिगामेंट म्हणतो. दात त्या तंतूंवर तोललेला असतो आणि तंतूंच्या मधे मज्जातंतूंची टोकं पेरलेली असतात. दातावर दाब आला की दात किंचित हलतो, तंतू ताणले जातात, आणि किती दाब, कुठल्या दिशेने, याची खबर त्या टोकांतून निघते. दात काढला की हा पडदाही गेला. कवळी बसते हिरडीवर. हिरडीला स्पर्श कळतो, पण इतका बारीक नाही. दातांमध्ये पातळ पत्र्याचे तुकडे धरायला लावून हे मोजलेलं आहे: नैसर्गिक दातांना साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पत्रा कळतो, पूर्ण कवळी लावणाऱ्याला तो साधारण १०० मायक्रॉनचा झाल्याशिवाय कळत नाही. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे दातांत अडकलेला केस दात असलेल्याला लगेच कळतो, कवळीवाल्याला बहुधा कळतच नाही.

गोव्यात हे समजावून सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, तारल्यांचं हुमण पुरतं. तारल्याला काटे किती असतात ते आपल्याला नव्याने सांगायला नको. भात मऊ, मासा मऊ, आणि त्यात कुठेतरी दिसेल न दिसेल असा काटा. समोरच्याशी बोलत आपण जेवत असतो. काटा दाढांमध्ये आडवा येतो आणि जबडा थांबतो. आधी तो थांबतो आणि मग आपल्याला कळतं की थांबला. पुढचं काम जिभेचं. ती घास एका गालात सारते, काटा चाचपून वेगळा काढते, पुढे आणून ओठांत देते, आणि बोटं तो ताटाच्या कडेला ठेवतात. तोवर बोलण्याचा धागासुद्धा तुटलेला नसतो.

एवढ्याशा कामात तीन नसा राबलेल्या असतात. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल, जबडा हलवते. ओठ आणि गाल सातवीच्या ताब्यात, जीभ बाराव्या नसेच्या. स्पर्शाची खबर मात्र दात, हिरड्या, गालाची आतली बाजू, जिभेचा पुढचा भाग या सगळ्यांकडून पाचवीच आणते. कवळी बसल्यावर माणसं काट्याचा मासा सोडतात आणि इसवण-चणकावर येतात, त्याचं कारण दातांची धार नव्हे. तोंडात आलेला काटा त्यांना कळतच नाही. त्यात वरची कवळी टाळू झाकून टाकते, म्हणजे जीभ ज्या पृष्ठभागावर घास दाबून पाहायची, तोही प्लास्टिकखाली गेला.

पुढच्या दातांना हलक्या दाबाचं ज्ञान दाढांपेक्षा जास्त असतं. एक काजू पुढच्या दातांत नुसता धरून पाहा, तोडू नका. किती हळुवार धरला जातो! मॅट्स ट्रुलसन आणि रोलँड योहान्सन या स्वीडिश संशोधकांनी १९९०च्या दशकात शेंगदाण्याची पाकळी अशीच धरायला लावून जोर मोजला होता. तो भरला १ न्यूटनपेक्षा कमी, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाच्या आतला. दात बधिर करून तोच प्रयोग केला तेव्हा माणसं नकळत कितीतरी जास्त जोराने दाणा दाबू लागली. स्नायू तेच, दात तेच, फक्त खबर बंद झाली होती. दाढांमध्ये निरोगी माणूस जास्तीत जास्त जोर लावतो तो ५०० ते ७०० न्यूटनच्या घरात जातो. एकाच जबड्याला इतक्या टोकाची दोन कामं जमतात ती या खबरीमुळे.

आता दोन बोटं कानाच्या थोडं पुढे, जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवा आणि दाढा आवळा. टणक होतो तो मॅसेटर स्नायू. कानशिलावर हात ठेवलात तर तिथे टेम्पोरॅलिस फुगलेला लागेल. आणखी दोन टेरिगॉइड आत असतात, ते बोटांना लागत नाहीत. या स्नायूंमध्ये, विशेषतः जबडा मिटणाऱ्यांमध्ये, ताण मोजणारे बारीक अवयव असतात. त्यांच्या मज्जापेशी जिथे राहतात ती जागा मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. अंगातला स्पर्श आणि ताण सांगणाऱ्या मज्जापेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये वस्तीला असतात. हाताच्या, पायाच्या, पाठीच्या, सगळ्यांच्या. जबड्याचा ताण सांगणाऱ्या आणि दातांच्या मुळांचा काही दाब सांगणाऱ्या पेशी तेवढ्या थेट मेंदूच्या आत, मध्यमस्तिष्कात असतात. दुसरं असं उदाहरण नाही. तिथून निघालेला धागा लगेच खालच्या भागात, म्हणजे पॉन्समध्ये, जबडा हलवणाऱ्या पेशींना सरळ भेटतो. मधे कुणी मध्यस्थ नाही. तोंड अर्धवट उघडं ठेवायला सांगून हनुवटीवर बोट ठेवायचं आणि वर हलकासा हातोडा मारायचा: जबडा किंचित वर उडतो. मेंदूचे डॉक्टर हे नेहमी करून बघतात. हातोडा बसल्यापासून स्नायू आकसू लागेपर्यंत सेकंदाचा शंभरावा भागही जात नाही. जिना धडधडत उतरताना आपला जबडा लोंबत, आपटत नाही तो याच व्यवस्थेमुळे.

उलट दिशेचीही सोय आहे. जत्रेतलं कडक खाजं दाढेखाली फुटतं त्या क्षणी जबडा पूर्ण जोरात असतो. तो तसाच मिटला असता तर दातावर दात आपटून टवके उडाले असते. पण खाजं फुटून विरोध संपला, हे कळताच मिटणारे स्नायू एकाएकी गप्प होतात आणि उघडणारे ओढ धरतात. ठरवून हे कुणालाच करता येणार नाही. ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दात आपटून झालेले असतात.

(जाता जाता: खतखत्यात तेफळ चावलं गेलं की ओठांवर जी झिणझिण सुटते तीही पाचव्या नसेचीच कामगिरी. ती चव नाही, स्पर्श आहे. तेफळाच्या कुळातल्या चिनी मिरीवर लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ओठांवरची ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी जाणवते असं त्यात निघालं. म्हणजे ओठ खरोखर थरथरत नसतात, पण थरथर सांगणारे तंतू तशी खबर पाठवत असतात.)

इथवर झाली ती दुरुस्तीची व्यवस्था. मूळ हालचाल, सेकंदाला एक-दोन वेळा उघडणं-मिटणं, ती कुठून येते? यावर शास्त्रज्ञांची बरीच घासाघीस झालेली आहे. इंग्लंडमध्ये शेरिंग्टन यांनी १९१७ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून एक साखळी मांडली. घास दाबला गेला की तोंडातल्या स्पर्शामुळे जबडा आपोआप उघडतो, उघडला की दाब जातो, दाब गेला की मिटणारे स्नायू उसळी घेतात, पुन्हा दाब. एक प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणारी प्रतिक्रिया, दुसऱ्याला जन्म देतो, आणि चावणं चालू राहतं. दिसायला अगदी पटणारं. बेल्जियमचे ब्रेमर १९२३ साली म्हणाले की नाही, लय आतच कुठेतरी तयार होते, तोंडातली खबर ती फक्त वळवते. पन्नासएक वर्षं हा प्रश्न लोंबकळत राहिला. १९७१ साली डेलो आणि लुंड यांनी सशांचे स्नायू औषधाने पूर्ण लुळे केले. जबडा हलत नाही, दाब नाही, ताण नाही, म्हणजे साखळी असलीच तर तुटली. मग मेंदूच्या वरच्या भागाला सलग उत्तेजना दिली आणि जबड्याच्या नसांमध्ये काय चाललंय ते टिपलं. नसांमध्ये चावण्याची लय चालू होती. जबडा स्तब्ध, आणि नसेत उघड-मीट, उघड-मीट.

ही लय मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदू जिथून खाली मज्जारज्जूत उतरतो त्या देठात तयार होते. चालणं आणि श्वास यांच्या लयीही अशाच आतून येतात. आमच्या गावच्या सप्ताहातल्या भजनात ठेका तबल्यावर चालू असतो. गायक त्याच्यावर कुठे थांबायचं, कुठे लांबवायचं ते ठरवतो, ठेका मोजत बसत नाही. वरचा मेंदू तसा गायक आहे. घास घ्यायचा, चावायला लागायचं, मधेच थांबून बोलायचं, नको असलेलं थुंकायचं, एवढं त्याच्याकडे. बाकी ठेका देठाकडे. आणि ठेका आंधळा नाही. पदेराकडची (पाववाल्याकडची) कडक काकणां चहात न बुडवता खाल्ली तर मिटण्याचा काळ लांबतो, जोर वाढतो, जबडा आडवा जास्त फिरतो. केळं खाल्लं तर तेच सगळं हलकं होतं. प्रत्येक उघडमिटीत मुळांकडून आणि स्नायूंकडून आलेली खबर पुढच्या उघडमिटीत मिसळली जाते.

सावईवेरेंच्या माझ्या मावशीला पक्षाघात झाला तेव्हा हे पुस्तकातलं सगळं तिच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं.

गुठळी मेंदूच्या उजव्या बाजूला होती. डावा हात, डावा पाय गेला; तोंड डावीकडे सैल पडलं, ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळायचं. हॉस्पिटलातून सोडताना सगळं मिक्सरमधून काढून द्या असं सांगितलं होतं, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. गिळताना ठसका लागत होता. पण पुढे ती सुधारत गेली, कुबडीवर अंगणातल्या पोफळीपर्यंत जाऊ लागली, आणि मिक्सर मात्र तसाच चालू राहिला. भात, वरण, भाजी, मासा, सगळं एकत्र फिरवून एका वाटीत. रंग राखाडी. मावशी चार चमचे घ्यायची आणि तोंड फिरवायची. “बाय, सगळ्याला एकच चव येते गो,” एवढंच म्हणायची. मावसभावाला वाटायचं तिची भूक मेली. वहिनी रोज वेगळी भाजी करायची आणि रोज ती त्याच वाटीत जायची. तिची तळमळ मी बघत होते.

मी मावशीच्या दोन्ही कानशिलांवर हात ठेवले आणि दाढा आवळायला सांगितलं. तिच्या बऱ्याचशा दाढा शाबूत आहेत. दोन्हीकडचे स्नायू टणक झाले, डावाही. वहिनीला विश्वास बसेना: तोंड तर डावीकडे वाकडं आहे!

इथे समजून घेण्यासारखं आहे. चेहऱ्याच्या खालच्या भागाला हुकूम जवळजवळ फक्त विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून येतो. उजवीकडे गुठळी झाली की डावा ओठ, डावा गाल सैल. जबडा मिटणाऱ्या स्नायूंना मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. एक बाजू गेली तरी दुसरी सांभाळून घेते. म्हणून पक्षाघातानंतर वाकडं तोंड दिसलं की माणूस चावू शकत नाही असं समजू नका. चावण्याची लय देठात बसलेली आहे, आणि मावशीच्या देठाला धक्का लागलेला नव्हता.

मग अडतं कुठे? गालात. घास दाढांवर ठेवायचं काम बाहेरून गाल करतो आणि आतून जीभ. मावशीचा डावा गाल सैल. घास दाढांवरून घसरून गाल आणि हिरडीच्या खोबणीत जाऊन बसायचा आणि तिला पत्ताही नसायचा. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने मी बोट घालून पाहिलं तर तिथे दुधी भोपळ्याची फोड होती. तीच नंतर आडवं झाल्यावर घशात उतरली तर घात.

म्हणून मिक्सर बंद करण्याआधी स्पीच थेरपिस्टला बोलावलं. बोलण्याचे व्यायाम देणारीच गिळणंही तपासते, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. ती आली, वेगवेगळ्या दाटपणाचे घास देऊन तिने पाहिलं, पाणी पिऊन झाल्यावर आवाज घोगरा होतो का ते ऐकलं. कुणीही आपल्या मनाने हा टप्पा गाळू नये, हे हात जोडून सांगते. ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पेजेवर ती बरोबर बोट ठेवून गेली. आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज, ही आपल्या घरांत प्रश्न न विचारता पाळायची गोष्ट. पण पेजेत पातळ पाणी आणि घट्ट शितं एकत्र असतात. १९९०च्या दशकात हीमे आणि पामर यांनी माणसं जेवताना क्ष-किरणांखाली चित्रीकरण केलं, तेव्हा कळलं की चावणं चालू असतानाच तयार झालेला घास थोडाथोडा जिभेच्या मागे, घशाच्या तोंडाशी जमा होत जातो. सगळं चावून संपलं आणि मग गिळलं असं होत नाही. पातळ आणि घट्ट एकत्र असेल तर शितं चावली जात असतानाच पाणी पुढे घशात उतरून थांबतं. धडधाकट माणसाला फरक पडत नाही. ज्याचं गिळणं मंद झालंय त्याला पेज ही घट्ट भातापेक्षा जास्त धोक्याची. मावशीची पेज मग शितं घोटून एकजीव, दाट करून द्यायला लागलो.

हळूहळू, थेरपिस्ट सांगेल तसं, वाटीतले पदार्थ वेगळे झाले. आधी मऊ भात आणि वरण, पण भाजी बाजूला, फोर्कने चेचलेली. मग इसवणाचा काटा काढलेला तुकडा. मग पोईच्या आतला मऊ भाग डाळीत भिजवून. घास छोटा, उजव्या बाजूने दाढांवर ठेवायचा, ताठ बसून. प्रत्येक दोन-तीन घासांनंतर जिभेने डावा गाल चाचपायचा, आणि जेवण झाल्यावर वहिनी बॅटरी घेऊन बघणार. मग चूळ, ब्रश, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

पहिल्यांदा भाजी वेगळी दिली त्या दिवशी मी तिच्यासमोर बसून तिचा जबडाच बघत होते. पहिले दोन घास तिने जिभेने टाळूवर चेचले, महिनोन्‌महिन्यांच्या सवयीने. तिसरा घास उजव्या दाढांवर गेला. जबडा खाली आला, किंचित उजवीकडे सरकला, वर येऊन मधे मिटला. पुन्हा तसाच. कानशिलावरची शीर हलायला लागली. कुणी तिला शिकवलं नव्हतं, आठवणही करून दिली नव्हती. दाढेला फोड लागली आणि ठेका सुरू झाला.

त्याच वेळी तोंड ओलं होऊ लागलं तेही सांगण्यासारखं आहे. चावलं की लाळ सुटते, ती ज्या बाजूने चावतो त्या बाजूच्या कानाजवळच्या ग्रंथीतून जास्त सुटते. लगदा चावावाच लागत नाही, मग लाळेला बोलावणारं कुणी उरत नाही. मावशी ‘तोंड कोरडं पडतं’ म्हणायची, त्यात हेही होतं. आणि चव येते ती तरी कशी, चावताना सुटणारा वास घशातून मागच्या बाजूने नाकात चढतो तेव्हा. मिक्सरमधला बांगडा नाकापर्यंत पोचतच नव्हता, पोचत होता तो त्या राखाडी लगद्याचा एकच वास.

आता ज्यांना दातच राहिलेले नाहीत त्यांच्याविषयी. पूर्ण कवळीवर चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. ठेका तसाच शाबूत असतो, कारण तो देठात आहे. स्नायूंचा ताण, जबड्याच्या सांध्याची जाणीव, हिरडी, जीभ हे सगळं मिळून मुळांच्या खबरीची उणीव थोडीफार भरून काढतं, पण त्याला आठवडे लागतात. म्हणून नवी कवळी घेणाऱ्याला मी सांगते की दोन्ही बाजूंनी एकदम चावा, घास बारीक करून घ्या, पुढच्या दातांनी तोडू नका, आणि पहिल्याच रविवारी मटण खाऊन कवळीची परीक्षा घेऊ नका.

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो आपल्याकडे फार कमी वापरला जातो, याची मला खंत आहे. “डॉक्टर, चारच राहिलेत, तेही काढून टाका, एकदाच काय ती कवळी होऊ दे,” असं म्हणत लोक येतात. प्रियोळचे एक निवृत्त शिक्षक असेच आले होते. खालचे दोन सुळे हलत नव्हते, मुळं लांब आणि धरून होती. सुळ्याची मुळं तोंडात सर्वांत लांब असतात आणि सहसा सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. मी ते काढायला नकार दिला. त्यांचं रूट कॅनाल केलं, वरचा भाग हिरडीच्या जरा वरपर्यंत कापून गोल केला, आणि कवळी त्या दोन मुळांवरून बसवली. बाहेरून बघणाऱ्याला ती साधी कवळीच दिसते. पण खाली दोन मुळं आहेत, त्यांच्याभोवतीचा पडदा आहे, आणि कवळीवर आलेला दाब त्यांच्यापर्यंत पोचतो. दाताची आतली नस काढली तरी हा पडदा जिवंतच राहतो, कारण तो मुळाच्या बाहेर आहे. रूट कॅनाल केलेला दात ‘मेलेला’ समजून काढायला सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. शिवाय मूळ असेपर्यंत त्याच्या आजूबाजूचं हाडही फारसं झिजत नाही, त्यामुळे खालची कवळी वर्षानुवर्षं सैल होत जाण्याची तक्रार कमी होते.

मास्तरांनी पुढच्या खेपेला सांगितलं ते असं: “तारले नाही खात अजून. पण पेडव्यांच्या हुमणात काटा आला की थांबायला होतं.”

खर्च पूर्ण कवळीपेक्षा जास्त येतो, दोन रूट कॅनालचा. आणि त्या मुळांची काळजी घ्यावी लागते, नाहीतर कवळीखाली ती लवकर किडतात: रोज कवळी काढून मुळांवर मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, रात्री कवळी पाण्यात, आणि दर सहा महिन्यांनी दवाखान्यात दाखवणं. हलणारी मुळं, किंवा खूप खोल किडलेली, यांवर हे करता येत नाही. ती काढावीच लागतात. तुमच्या घरी कुणी “सगळे काढून टाका” म्हणत असेल तर खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा की दोन सुळे ठेवता येतील का. एक्स-रे बघून ते लगेच सांगू शकतात.